बांधाकडची सरी

अक्का, दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

कऱ्हेच्या काठावर आम्ही सगळे उभे होतो. गुरुजींनी पिंड मांडला, आम्ही हात जोडले आणि मागे सरकतोय तेवढ्यात तो आला. एकटाच. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. दाजींनी त्यांचं वाक्य तयार ठेवलं होतं, तुझ्या लेकीच्या, प्राजक्ताच्या लग्नाचं. आपल्या भावाने, सुभाषने, त्याचं ठेवलं होतं, पळसदेवच्या माहेरच्या घराचं. माझंही तयार होतं. सकाळी आंघोळ करतानाच जुळवून ठेवलं होतं. कुणालाच काही बोलावं लागलं नाही. मागे बायका म्हणाल्या, "सोन्यासारखी बाई. कशात जीव अडकला नव्हता बघा तिचा."

सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला.

म्हणजे माझ्याकडून तुला काहीच यायचं नव्हतं? पंचेचाळीस वर्षं मी एक गोष्ट गिळून बसले. तू गेल्यावर तरी ती बोलता येईल म्हणून दहा दिवस दम धरला. आणि तू निघालीससुद्धा. कामं माझ्याआधी उरकायची तुझी सवय शेवटपर्यंत गेली नाही.

प्राजक्ता तुझ्या आठवणींची पुस्तिका काढतेय. प्रत्येकाने काहीतरी लिहून द्यायचं. दाजींनी तुझ्या शिस्तीवर लिहिलं, तुझ्या शाळेतल्या एका बाईंनी तुझ्या अक्षरावर. मी म्हटलं, मी सरीवर लिहिते. माझ्या उसाच्या रोपवाटिकेतल्या बायका नऊला येतात, तोवर बसते.

आपण एका घरात एकोणीस माणसं होतो, हे आता सांगितलं की लोक कौतुकाने ऐकतात. त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. काळी जमीन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. वर राहिली ती मुरमाड चार एकर. आबा आणि आजी, तात्या आणि दोन चुलते, तिघांच्या बायका, आणि आपण अकरा पोरं. त्या अकरांना जेवायला दोन पराती. परातीत आमटी ओतायची, भाकरी कुस्करायची, आणि ज्याचा हात भरभर चालेल त्याचं पोट भरायचं. तू सगळ्यांत मोठी, म्हणून तू बारक्यांना भरवत बसायचीस आणि शेवटी परात पुसून खायचीस. आई सगळ्यांना सांगायची, "माझी शालन शानी." मी पोटभर जेवलेली असायचे आणि तरी मला वाटायचं, परातीतलं जास्तीचं काहीतरी तुलाच मिळालं.

दूध डेअरीला जायचं. घरात फक्त आबांच्या पितळीत दूध पडायचं. त्या पितळीत त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा मान वर्षातून एकदा, एका पोराला. ज्याच्या सरीत तुटाळ पडली नाही त्याला.

प्राजक्ताच्या पिढीसाठी सांगते. ऊस लावताना उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडतात. सरीत, म्हणजे दोन वरंब्यांमधल्या चरात, पाणी सोडतात आणि टिपरी चिखलात पायाने दाबत जातात. डोळे टिपरीच्या दोन बाजूंना असतात. ते दोन्ही कडेला राहतील अशी ती दाबायची. घाईत कशीही दाबली, की एक डोळा वर येतो आणि दुसरा खाली जाऊन कुजतो. त्या दिवशी काही कळत नाही. पाण्याखाली सगळ्यांच्या सऱ्या सारख्याच दिसतात. तीन आठवड्यांनी कोंब वर आले की कळतं. जिथे उगवलं नाही ती रिकामी जागा म्हणजे तुटाळ.

आबांनी प्रत्येकाला सरी वाटून दिलेली असायची. तीन आठवड्यांनी ते हातात काठी घेऊन सगळ्यांना पुढे घालून रानात न्यायचे. "ही कुणाची? ... हितं काय झोपला व्हतास व्हय रं?" मार नसायचा. पण सगळ्यांसमोर आपली सरी अशी उघडी पडायची, की मार परवडला. मातीचं माणसाविषयी काय मत आहे ते आबा काठीने दाखवायचे आणि पुढे चालायला लागायचे.

सलग तीन वर्षं पितळीत तू जेवलीस.

मी समोरच्या परातीत बसून तुझ्याकडे बघायचे. तू दुधात भाकरी हळू कुस्करायचीस. आबा तुझ्या बाजूला दूध सरकवायचे, तू त्यांच्या बाजूला सरकवायचीस. मला वाटायचं, ही मुद्दाम हळू खाते. खरं तर तू आयुष्यभर हळूच जेवलीस. पण मला अजूनही वाटतं, त्या तीन वेळा मुद्दाम.

मग ते वर्ष आलं. आपण दोघी एकाच वेळी सातवीत होतो, कारण बारकी पोरं सांभाळायला तुला एक वर्ष घरी ठेवलं होतं. पाऊस मागच्या साली दगा देऊन गेला होता. उजनीचं पाणी इतकं खाली गेलं की बुडालेलं जुनं देऊळ पार जोत्यापर्यंत उघडं पडलं, आणि आबा रोज गाळात जाऊन आपला जुना बांध शोधायचे. लागणीचं बेणंसुद्धा उसनं मागून आणलेलं. आबांनी बजावलं होतं, "औंदा एक टिपरी वाया गेली न्हाय पायजे."

शेवटच्या दोन सऱ्या आपल्या दोघींच्या. बांधाकडची तुझी, तिच्या आतली माझी. मी ठरवलं होतं, या वर्षी अक्काच्या आधी संपवायचं. टिपरी टाकली की पाय, टाकली की पाय. डोळे कुठे गेले ते बघितलंच नाही. तू खाली वाकून प्रत्येक टिपरी फिरवत होतीस. मध्येच बारकं रडायला लागलं म्हणून काकूने तुला हाक मारली. तू गेलीस, त्याला थोपटून आलीस आणि पुन्हा तिथूनच सुरू केलंस. मी तुझ्याआधी अर्धा तास बांधावर बसले होते. मला वाटलं, जिंकले.

तीन आठवड्यांनी तुझी सरी भरलेली होती, फणीच्या दातांसारखी. माझ्या सरीत चार पावलं हिरवं, तीन पावलं माती, दोन पावलं हिरवं. आबा बांधावर थांबले. त्यांना कोणत्या दोन सऱ्या दोघी बहिणींच्या एवढंच आठवत होतं. काठी टेकवून त्यांनी विचारलं, "बांधाकडची कुणाची?"

मी म्हणाले, "माजी."

मला अजून आठवतं, तो शब्द तोंडातून आधी गेला आणि लाज नंतर आली. तू माझ्याकडे बघितलंस. आबांनी काठी आतल्या सरीवर नेली. "मग शालन, ही फुटकी तुजी व्हय?"

आणि तू म्हणालीस, "व्हय."

एवढंच. एक शब्द.

त्या दिवशी मी पितळीत जेवले. दूध-भाकरी गोड लागली. खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा दूध ओतून आबा तात्यांना म्हणाले, "मंगलचा हात रानात बसतोय. हिला हितंच ऱ्हाऊ दे. शालनचं रानात काय खरं न्हाय. तिला बारामतीला तुज्या भयनीकडं धाड, साळा शिकू दे."

आत्याने एकच मुलगी ठेवून घेईन असं कळवलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका पोरीचं पोट आत्याकडे भरलं तर घरावरचा भार एका ताटाने हलका होईल, आणि जी पोर रानात कामाची नाही तीच पाठवावी, असा मोठ्या माणसांचा साधा हिशोब होता. माझ्या हातातला घास हातात राहिला. तू परातीपाशी बारक्याला भरवत होतीस. तू मान वर केली नाहीस.

जूनमध्ये तू पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसलीस. मी खुरपं घेऊन रानात गेले. नांग्या, म्हणजे त्या रिकाम्या जागा, भरायला. माझ्याच सरीतल्या.

अक्का, मला तुझा हेवा वाटला, असं म्हणणं फार सौम्य झालं. मी जळायचे. सुट्टीत तू यायचीस ती पायात चप्पल घालून. "व्हय" जाऊन "हो" झालं होतं. तुझ्या बोटांना शाई लागलेली असायची आणि माझ्या बोटांना उसाचं कुसळ. तू डी.एड. झालीस, मास्तरीण झालीस, मास्तरच नवरा मिळाला. तोही असा, की जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून ठेवतो. मला कळंबला दिलं, मालक चांगले होते, पण ताट उचलणं त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रस्त्याने बापये तुला "नमस्कार बाई" म्हणायचे. मला "ए मंगल, पाणी बंद कर" म्हणायचे.

आणि या सगळ्यात मला कुणाला दोष देता येत नव्हता. तू हिसकावून घेतलं असतंस तर मी तुला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि सुखात राहिले असते. मीच दिलं होतं. दोन वाट्या दुधासाठी.

फक्त एक गोष्ट मला कधी कळली नाही. तुझं ते "व्हय." मला सगळ्यांसमोर खोटं पडू द्यायचं नाही म्हणून म्हणालीस, की तुला आधीच कळलं होतं? आबांना आणि तात्यांना चहा तूच नेऊन द्यायचीस. आत्याचा निरोप आला तेव्हा तू उंबऱ्यापाशी होतीस का? जी रानात कच्ची ती शाळेत जाणार, हे ऐकलं होतंस का? ऐकून म्हणाली असशील तर तू माझ्यापेक्षा हुशार. न ऐकता म्हणाली असशील तर माझ्यापेक्षा चांगली. दोन्हीकडून मीच खाली.

माझी दोन पोरं शाळेत जायला लागल्यावर तू दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणलास. मी म्हटलं, "मला काय करायचंय आता?" तू म्हणालीस, "सही कर." मग दर रविवारी बारामतीहून एसटीने कळंबला. माझ्या सासूबाई ओसरीवरून ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आलं कालेज." तू हसून त्यांच्याच सुपातला लसूण घ्यायचीस आणि सोलता सोलता मला बीजगणित शिकवायचीस. माझं उत्तर चुकलं की तू बोलायची नाहीस, फक्त लसणाची पाकळी खाली ठेवायचीस. मला अठ्ठावन्न टक्के पडले. तू पेढे घेऊन आलीस आणि माझ्यापेक्षा तूच जास्त आनंदात होतीस. मला तोही आनंद तुझ्याकडून काढून घ्यावासा वाटला. अक्का, ती दहावी नसती तर मी रोपवाटिकेचं प्रशिक्षण घेतलं नसतं, परवान्याचे कागद भरले नसते, आज माझ्याकडे चौदा बायका कामाला नसत्या. हे मी तुला कधी म्हटलं नाही. इथे म्हणते.

तुझ्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाचं मात्र मी विसरत नाही. मी तिसऱ्या ओळीत, नव्या साडीत, घामाघूम. तू माईक हातात घेतलास आणि सगळ्या हॉलला सांगितलंस, "मी शाळेत गेले ते माझ्या बहिणीमुळे. तिचा हात सोन्याचा. तिची सरी फणीसारखी आली आणि माझी फुटकी. आजोबा म्हणाले, ही रानात नापास, हिला शाळेत घाला." लोक हसले, टाळ्या वाजल्या. तू मला उभं राहायला लावलंस. मी उभी राहिले. तोंड कुठे लपवावं कळेना.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"काय चुकलं?"

"तुला ठाऊक आहे काय चुकलं."

"आबा म्हणाले तेच सांगितलं की गं."

"अक्का."

"मंगल, काच वर कर. धूळ येतेय."

मी काच वर केली. तिथेच ते भांडण थांबलं. पुन्हा काढायला मी मुहूर्त शोधत राहिले. मग तुझं दुखणं निघालं आणि आजारी माणसाशी भांडायचं नसतं म्हणून मी गप्प बसले. तुझ्या उशाशी सतरा जणांची रांग असायची. माझी पाळी आली की मी तुझं पाणी, गोळ्या, उशी बघायचे आणि उठायचे. मला वाटायचं, ही विचारेल. तुला वाटत असेल, ही सांगेल. दोघीही पळसदेवच्या, दोघींनाही आधी बोलणं माहीत नाही.

दिवाळीत तू रोपवाटिकेत आली होतीस. काठी टेकत, ट्रेच्या दोन रांगांमधून. म्हणालीस, "मला एक टिपरी दे. बाल्कनीत लावते."

"टिपरी कशाला? तयार रोप ने. एवढी हजारो पडलीत."

"रोप नको. टिपरीच दे. तीन डोळ्यांची."

"तुला जमायचं नाही आता," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं. तिथल्या बायका ऐकत होत्या.

तू हसलीस. "न्हाय तर न्हाय. तुटाळ पडली तर शालनची हाय म्हनून सांगीन." कितीतरी वर्षांनी तुझ्या तोंडून आपली बोली ऐकली. मी टिपरी तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि फोन आला म्हणून आत गेले. ते तुझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतरचं सगळं गोळ्यांविषयी.

तेराव्यानंतर तुझ्या घरी गेले. प्राजक्ता कपाट आवरत होती. मी बाल्कनीत साड्या वाळत घालायला गेले, तर कोपऱ्यात रंगाची रिकामी बादली, आणि तिच्यात ऊस. माझ्या खांद्याएवढा. पान काळंभोर हिरवं, कुठे पिवळेपणा नाही. मी धंद्याच्या नजरेने बघते. खाली वाकून आधी उगवण बघितली. तीन डोळे, तीन कोंब. एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बोटाने माती उकरली. टिपरी अगदी आडवी बसलेली, डोळे जिथे हवेत तिथे. हात थरथरत असताना, पेला धरवत नसताना, तू ती फिरवून फिरवून लावलेली.

मला काय वाटलं असेल? रडू आलं असेल, असं पुस्तिका वाचणारे समजतील. मला वाटलं, माझ्या चौदा बायकांपैकी एकीलाही असं लावता येत नाही. मलाही याहून चांगलं येत नाही.

प्राजक्ता मागे येऊन उभी राहिली. "मावशी, हा तू घेऊन जा. तुझाच आहे ना."

"माझा कसा?"

"आई सगळ्यांना सांगायची. शेजारच्या काकू आल्या, डॉक्टर आले, कुणीही आलं की बाल्कनीत न्यायची. म्हणायची, हा मंगलने लावलाय. बघा तिचा हात."

अक्का, तू मरायला टेकली होतीस आणि अजून तेच "व्हय" म्हणत होतीस.

आबांची काठी पुन्हा बादलीच्या काठावर येऊन टेकल्यासारखं झालं. ही कुणाची? मी काही बोलले नसते तरी चाललं असतं. पोरीने ऊस गाडीत ठेवून दिला असता. मी अंगणात लावला असता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला असता. पंचेचाळीस वर्षं हेच तर चाललं होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "हा तुज्या आईनं लावलाय."

"अगं पण आई म्हणायची—"

"तुजी आई खोटं बोलायची. मी आधी बोलले, मग ती बोलली. बस हितं, सांगते."

आम्ही दोघी त्या बाल्कनीत, ओल्या साड्यांच्या खाली, जमिनीवर बसलो. मी सगळं सांगितलं. पितळी, दूध, काठी, फुटकी सरी. प्राजक्ताने बादलीतली उकरलेली माती सारखी केली. मग म्हणाली, "म्हणजे आईच्या जागी तू शिकली असतीस?"

"व्हय."

"आणि आई ऊस लावत बसली असती."

"माझ्यापेक्षा बरा लावला असता."

ती हसली, अगदी तुझ्यासारखी, ओठ न उघडता. मला तेवढ्यापुरता तिचाही हेवा वाटला.

ऊस मी आणला नाही. बादली त्याला आता लहान पडतेय, म्हणून परवा प्राजक्ता आणि सुभाष तो पळसदेवला नेऊन लावणार आहेत, बांधाकडच्या सरीत. जागा मी दाखवायची आहे. कावळ्याला माझं वाक्य नको होतं, तर नको. आता ते तुझ्या लेकीकडे आहे आणि पुढे पुस्तिकेत छापलेलं राहील. बांधाकडची सरी शालनची होती. फुटकी माझी.

बायका आल्या. ट्रे भरायचे आहेत. आज मी स्वतः बसणार आहे, वाकून, एकेक डोळा बघून. तुझ्याइतकं जमेपर्यंत.